लाल गाडी काळी का दिसते?

मिलानजवळ आरेझे इथे अल्फा रोमिओचं संग्रहालय आहे. तिथे एक बुटकी, गोलसर कूपे (बंद टपाची, दोन दारांची गाडी) उभी आहे: 8 सी 2900 बी. 1938 साली ले मान्सच्या 24 तासांच्या शर्यतीत रेमों सोमेर आणि क्लेमेंते बिओंदेत्ती यांनी ती पळवली. बाकीच्यांना कित्येक फेऱ्यांनी मागे टाकलेलं असताना आधी टायर फुटला, मग इंजिनाने दगा दिला, आणि शर्यत दलाये या फ्रेंच गाडीने जिंकली.

2900 मालिकेतल्या गाड्या बनल्या जेमतेम चाळीसच्या आसपास. 2016 मध्ये अमेरिकेत त्यातली एक उघड्या टपाची गाडी लिलावात 1 कोटी 98 लाख डॉलरला गेली. आकडे असे असले की सुट्या भागांतून ‘अस्सल’ गाडी उभी करण्याचा मोह होणारच. म्हणून अशा गाडीचा फोटो काढणं हे निम्मं तपासणीचं काम असतं.

बॉनेट उघडल्यावर पाहायचं ते इंजिन. अल्फाचा अभियंता वित्तोरियो यानो याने 68 मिलिमीटर व्यासाचे आठ सिलिंडर एका रांगेत बसवले. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, 100 मिलिमीटर, क्षमता 2905 घनसेंटिमीटर. व्हॉल्व्ह उघडणारा एवढा लांब कॅमशाफ्ट एका टोकाने फिरवला तर दुसरं टोक पीळ पडून किंचित मागे राहतं आणि तिकडच्या व्हॉल्व्हचं वेळापत्रक बिघडतं. यानोने चार-चार सिलिंडरचे दोन ठोकळे केले आणि फिरवणारे गिअर मधल्या फटीत घातले. पीळ पडायला आता निम्मीच लांबी उरली. जुन्या फोटोत ही फट दिसली की इंजिन 8 सी घराण्यातलं. मग इंजिनात जास्तीची हवा कोंबणारे सुपरचार्जर मोजायचे: आधीच्या 2300 ला एक, 2900 ला दोन.

बॉडीचं प्रकरण जास्त नाजूक. मिलानच्या तूरिंग कारखान्याने बारीक पोलादी नळ्यांचा सांगाडा करून त्यावर हाताने घडवलेला ॲल्युमिनियमचा पत्रा चढवला. वजन कमी झालं. पण ओल शिरली की पोलाद आणि ॲल्युमिनियम यांच्यात विद्युतघट तयार होतो, आणि त्यात झिजतं ते ॲल्युमिनियम. ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांत बराच पत्रा बदललेला असतो, खड्ड्यांत पुट्टी भरलेली असते. वर चकचकीत रंग असल्यामुळे डोळ्यांना काही कळत नाही.

इथे कामाला येतं ते गाडीवरचं प्रतिबिंब. हौशी छायाचित्रकाराला ते नकोसं वाटतं, मला मात्र फोटोतला सगळ्यात बोलका भाग तोच वाटतो. मडगार्डसमोर सरळ लांब ट्यूबलाइट धरायची आणि पत्र्यात तिची रेघ कशी पडते ते टिपायचं. पृष्ठभाग 1 अंशाने कलला तर परावर्तित किरण 2 अंशांनी वळतो. 5 मीटरवर हा फरक साधारण 17 सेंटिमीटर होतो. बोटाला न जाणवणारा उंचवटा रेघेला चक्क नागमोडी करतो. गंमत म्हणजे हाताने ठोकलेल्या बॉडीच्या दोन बाजू एकमेकींशी तंतोतंत जुळत नाहीत. जुळल्याच, तर मला संशय येतो.

रंग तपासताना मात्र ही झळाळी घालवावी लागते. रंगावरून तिरपा परावर्तित होणारा प्रकाश बराचसा ध्रुवित, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा, असतो. लेन्सवरचा पोलरायझर (असा प्रकाश अडवणारी काच) फिरवला की तो गळतो आणि खालच्या छटा, डागडुजीचे ठिगळ वर येतात. क्रोम किंवा उघड्या धातूवर ही युक्ती चालत नाही, तिथली चमक जवळजवळ तशीच राहते.

मग जुने फोटो. 1930 च्या दशकात सगळे रंग टिपणारी पॅनक्रोमॅटिक कृष्णधवल फिल्म मिळत होती, पण ऑर्थोक्रोमॅटिकही वापरात होती, आणि तिला लाल दिसतच नाही. इटलीचा शर्यतीचा रंगच लाल! त्यामुळे फोटोतली कुळकुळीत गाडी खरोखर काळी असेलच असं नाही. अशा वेळी गाडी सोडून मागे बघावं. तिथे इटलीचा झेंडा फडकत असेल आणि त्याचा लाल पट्टा हिरव्यापेक्षा कितीतरी गडद आला असेल, तर गाडीच्या रंगाबद्दल त्या फोटोची साक्ष बाद.

राहिला चॅसीवरचा, म्हणजे गाडीच्या खालच्या चौकटीवरचा नंबर. ठोकलेला आकडा कानशीने घासून टाकला तरी त्याच्या खालच्या पोलादातले दाबले गेलेले स्फटिक तसेच विस्कटलेले राहतात. पृष्ठभाग घासून गुळगुळीत करून योग्य आम्ल लावलं की तो भाग वेगळ्या गतीने खाल्ला जातो आणि पुसलेला आकडा अंधूकसा उमटतो. तो टिकेलच याचा भरवसा नसतो. म्हणून कॅमेरा आधीच तिकाटण्यावर रोखून ठेवतात, बाजूने तिरपा प्रकाश टाकतात आणि आम्लाचा बोळा फिरत असतानाच एकामागून एक फोटो घेत राहतात. अर्थात नंबर सापडला तरी तो फक्त त्या लोखंडी पट्टीचा. इंजिनाचा नंबर वेगळा, तो वेगळा तपासायचा. आणि पत्रा कुणाचा, हे अजून ट्यूबलाइटलाच विचारावं लागतं.