प्रारणजन्य मोतीबिंदू

क्ष-किरण, गॅमा किरण, न्यूट्रॉन अशा आयनीकारक प्रारणामुळे डोळ्याच्या भिंगात येणारी अपारदर्शकता. डोळ्याच्या ऊतींपैकी भिंग प्रारणाला सर्वांत हळवे आहे. त्वचेवरच्या मेलेल्या पेशी झडून जातात. भिंग मात्र बंद आवरणात असते, त्याला रक्तपुरवठाही नाही. त्यामुळे बिघडलेली पेशी आतच राहते. भिंगाच्या पुढच्या बाजूला असलेल्या पेशींच्या एकेरी थराच्या कडेला जन्मभर नव्या पेशी तयार होतात आणि त्यांचे पारदर्शक तंतू बनतात. प्रारणाने त्यांच्या डीएनएला इजा झाली की तंतू नीट घडत नाहीत. सदोष पेशी सरकत सरकत मागच्या आवरणाला लागून मध्यभागी साचतात. ही जागा ऐन दृष्टीच्या वाटेवर असल्याने लहानसा डागही वाचताना आणि समोरच्या दिव्यांच्या झोतात जाणवतो. स्टेरॉइडांमुळे होणारा मोतीबिंदूही याच जागी होतो, म्हणून रुग्णाचा पूर्वेतिहास विचारणे महत्त्वाचे.

1940 च्या दशकात अमेरिकेत सायक्लोट्रॉनवर (अणुकणांना वेग देणाऱ्या यंत्रावर) काम करणाऱ्या तरुण भौतिकशास्त्रज्ञांमध्ये आणि हिरोशिमा-नागासाकीच्या बाँबहल्ल्यांतून वाचलेल्यांमध्ये हा विकार आढळला. मात्रा कमी असेल तर तो दिसायला अनेक वर्षे लागतात. अल्पकाळच्या निरीक्षणांवर विसंबल्यामुळेच धोक्याचा उंबरठा दीर्घकाळ चढा धरला गेला. 2011 मध्ये आंतरराष्ट्रीय प्रारण संरक्षण आयोगाने तो 0.5 ग्रेपर्यंत (ग्रे हे ऊतीने शोषलेल्या प्रारणाचे एकक) खाली आणला. प्रारणाशी संबंध येणाऱ्या कामगारांच्या भिंगासाठीची वार्षिक मर्यादाही 150 वरून 20 मिलिसिव्हर्टवर (सिव्हर्ट हे प्रारणाच्या जैविक परिणामाचे एकक) आली (पाच वर्षांची सरासरी, कोणत्याही एका वर्षी 50 पेक्षा जास्त नाही).

आज सर्वाधिक काळजी वाटावी ती कॅथ लॅबमधल्या (क्ष-किरणांच्या मदतीने हृदय व रक्तवाहिन्यांची तपासणी आणि उपचार करण्याच्या खोलीतल्या) डॉक्टर, परिचारिका व तंत्रज्ञांची. रुग्णाच्या शरीरावरून विखुरलेले क्ष-किरण त्यांच्या डोळ्यांपर्यंत पोहोचतात. शिशाचा एप्रन सगळे घालतात, पण छताला टांगलेली शिसेयुक्त पारदर्शक ढाल पुढे ओढून घेणे आणि शिसेयुक्त चष्मा लावणेही तितकेच आवश्यक आहे.

दृष्टिपटल (रेटिना) बरेच चिवट. तिथल्या सूक्ष्म रक्तवाहिन्या सहसा कर्करोगाच्या किरणोपचारांतल्या मोठ्या मात्रांनीच खराब होतात, तेही महिन्यांनी किंवा वर्षांनी. अश्रुग्रंथी किरणांच्या टप्प्यात आल्यास डोळा कोरडा पडतो आणि पारपटलाला (कॉर्नियाला) इजा होते. डोळ्यातल्या गाठीवर डोळ्याच्या पांढऱ्या भागाला बाहेरून किरणोत्सर्गी चकती शिवून उपचार करतात, तेव्हा या ऊतींना पोहोचणाऱ्या मात्रेचा हिशेब आधीच मांडावा लागतो. अशी रुथेनियम-106 ची चकती मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केली आहे.

मोतीबिंदू वाढल्यास नेहमीच्या शस्त्रक्रियेने भिंग काढून कृत्रिम भिंग बसवतात. दृष्टिपटलाला इजा झालेली असेल, तर त्यानंतरही नजर पूर्ण परतत नाही.