प्लेटलेटची साठवण आणि तापमान

रक्तदानातून वेगळे केलेले प्लेटलेट, म्हणजेच बिंबाणू, रुग्णाला देईपर्यंत कार्यक्षम राहावेत म्हणून २०° ते २४° सें. तापमानात, अखंड हलते ठेवून, साधारणतः ५ दिवसांपर्यंत साठवले जातात. एकाच पिशवीतल्या रक्ताच्या घटकांना एकच तापमान मानवत नाही: तांबड्या पेशी २° ते ६° सें.ला महिनाभराहून अधिक टिकतात, रक्तद्रव गोठवून वर्षभर ठेवता येतो. प्लेटलेटला मात्र थंडी सोसत नाही.

पूर्वी प्लेटलेटही ४° सें.ला ठेवत. थंड केलेले प्लेटलेट रुग्णाच्या रक्तातून लवकर नाहीसे होतात आणि २२° सें.ला ठेवलेले कितीतरी अधिक काळ फिरत राहतात, हे १९६९ मध्ये मर्फी व गार्डनर यांनी दाखवून दिले. थंडीने चकतीसारखा बिंबाणू गोलसर होऊन त्याला काटे फुटतात, त्याच्या पृष्ठभागावरील प्रथिने एका जागी गोळा होतात आणि हा बदल ओळखून यकृत त्याला रक्तातून काढून टाकते. उबेचेही तोटे आहेत. जागे असलेले प्लेटलेट साखर वापरून लॅक्टिक आम्ल तयार करतात. प्राणवायू मिळाला नाही तर हे आम्ल झपाट्याने वाढून सामू (पीएच) घसरतो, म्हणून पिशवीचे प्लास्टिक वायू आरपार जाऊ देणारे असते आणि ती हलत्या फळीवर ठेवतात. दात्याच्या त्वचेवरून आलेले जिवाणूही या तापमानात वाढतात. ५ दिवसांच्या मर्यादेचे मुख्य कारण हेच.

थंड प्लेटलेट अगदीच टाकाऊ नव्हेत. ते अल्पायुषी असले तरी रक्तस्राव लगेच थांबवण्यात तरबेज असतात, त्यामुळे चालू रक्तस्रावासाठी असे प्लेटलेट १४ दिवसांपर्यंत वापरण्याची वाट अमेरिकेत २०२३ मध्ये मोकळी झाली. डेंग्यूच्या रुग्णातली प्लेटलेटची घटलेली संख्या टिकवून धरायला त्यांचा फारसा उपयोग नाही.

डॉ. वॉनलेस यांनी १८९४ मध्ये उभारलेल्या रुग्णालयापासून वैद्यकीय केंद्र म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मिरजेत आजूबाजूच्या तालुक्यांतून आणि कर्नाटकातूनही रुग्ण येतात. पावसाळ्यात ‘पेशी कमी झाल्या’ म्हणून प्लेटलेटची पिशवी न्यायला आलेला नातेवाईक बर्फ भरलेला थर्मास घेऊन येतो, कारण रक्त थंड ठेवायचे एवढे त्याला पक्के ठाऊक असते. त्याला दोष देता येत नाही, पण प्लेटलेटसाठी तो बर्फ घातक ठरतो. सांगलीच्या एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा दुचाकीच्या डिकीत ठेवलेली पिशवी उलट बाजूने बिघडते. बर्फाविना थर्माकोलच्या पेटीतून ती थेट वॉर्डात न्यावी आणि ‘तोवर फ्रिजमध्ये’ न ठेवता लगेच चढवावी.

बिघाड काही प्रमाणात डोळ्यांनाही कळतो. पिशवी उजेडासमोर धरून हलकेच हिंदकळली, तर चकतीचा आकार टिकवलेल्या प्लेटलेटमुळे पिवळसर द्रवात रेशमी भोवरे चमकतात. आकार बिघडला असल्यास द्रव नुसताच गढूळ दिसतो. भोवरे दिसले म्हणजे पिशवीत जिवाणू नाहीत, असा अर्थ मात्र काढता येत नाही.