न दुखणारा फोड

"उष्णता झालीया, दुसरं काय न्हाई." आमच्या लॅबच्या काउंटरवर हे वाक्य आठवड्यातून एकदा तरी कानावर पडतंच. कोल्हापुरात तोंड आलं की उष्णता, डोळे जळजळले की उष्णता, आणि जांघेच्या आसपास काही उठलं तर ती हमखास उष्णताच. मग सब्जा, ताक आणि आठवडाभर तांबड्या रश्श्याला रामराम. जुन्या लोकांनी तर एका आजाराचं नावच 'गरमी' ठेवून दिलं. पुस्तकी मराठीत तो उपदंश, रिपोर्टवर सिफिलिस. सोळाव्या शतकातल्या 'भावप्रकाश' या आयुर्वेदाच्या ग्रंथात त्याला 'फिरंग रोग' म्हटलंय आणि औषध म्हणून पारा सांगितलाय. उष्णतेचा मात्र याच्याशी काडीचा संबंध नाही. ट्रेपोनेमा पॅलिडम नावाचा, स्क्रूसारखे पीळ असलेला जंतू हा आजार करतो. 1905 साली तो जर्मनीत पहिल्यांदा दिसला.

शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत काम करणारा तिशीचा एक गडी (ओळख पटेल असं सगळं बदललंय) तळहात दाखवायला डॉक्टरांकडे गेला होता. तळहातांवर आणि तळपायांवर तांबूस-तपकिरी ठिपके, ना खाज ना आग. त्याला वाटलं, भट्टीची धग लागली. डॉक्टरांनी खोदून विचारलं तेव्हा निघालं, की दोन महिन्यांपूर्वी लिंगावर एक फोड येऊन गेला होता. "पण त्यो दुखतच नव्हता. मेडिकलमधनं मलम आणलं, महिन्यात साफ."

सगळी मेख इथेच आहे. हा रोग शरीरसंबंधातून लागतो. संबंधानंतर साधारण तीन आठवड्यांनी, कधी 10 तर कधी 90 दिवसांनी, हा फोड येतो. त्याची जखम होते, कडा टणक लागते, शेजारी जांघेत अवधाण, म्हणजे गाठ, येतं, पण ठणका नसतो. आणि 3 ते 6 आठवड्यांत ती जखम आपोआप भरते. मलम लावा, पुडी घ्या, नाहीतर काहीच करू नका. एसटी स्टँडच्या आसपास भिंतींवर 'गुप्तरोगावर खात्रीशीर इलाज' रंगवणाऱ्यांची खात्री या जंतूनेच दिलेली असते. फोड जातो तेव्हा जंतू रक्तात शिरलेला असतो. मग पुरळ येतं, तेही आपोआप जातं. पुढे कित्येक वर्षं सामसूम, आणि काहींच्या बाबतीत मेंदू, डोळे किंवा हृदयातून निघणारी महाधमनी गाठली जाते.

हा जंतू प्रयोगशाळेत नेहमीच्या पद्धतीने वाढवता येत नाही. म्हणून आम्ही त्याची सावली शोधतो. व्हीडीआरएल या तपासणीत रुग्णाच्या रक्तद्रवाच्या थेंबात गुरांच्या हृदयातून काढलेला कार्डिओलिपिन नावाचा स्निग्ध पदार्थ मिसळतात. जंतूचा यात अंशही नसतो, पण रोग झालेलं शरीर या पदार्थाविरुद्ध प्रतिपिंडं, म्हणजे अँटीबॉडीज, बनवतं. स्लाइड चार मिनिटं फिरवायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायची. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर समोर धार काढलेलं म्हशीचं दूध जसं एकसारखं दिसतं, तशी निगेटिव्ह स्लाइड. पॉझिटिव्ह म्हणजे नासलेलं दूध: कण एकमेकांना धरून गुठळ्या होतात.

नोकरीच्या पहिल्याच वर्षी मी एक स्लाइड निगेटिव्ह म्हणून बाजूला ठेवली होती. आमच्या सिनियर ताईंनी पेशंटला पुरळ आहे हे वाचलं आणि म्हणाल्या, "पातळ करून बघ." मिठाचं पाणी घालून द्रव सोळा पट पातळ केला, आणि दूध नासलं. प्रतिपिंडं प्रमाणाबाहेर असली की गुठळ्या होतच नाहीत! उलटंही घडतं. गरोदरपण, मलेरिया, ल्युपस (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते तो आजार) यांतही ही तपासणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. त्यामुळे टीपीएचएसारखी थेट जंतूविरुद्धची प्रतिपिंडं शोधणारी तपासणी जोडीला लागते. ती मात्र बरं झाल्यावरही बहुतेकांत जन्मभर पॉझिटिव्ह राहते. तिच्याकडे बघून हाय खाऊ नये.

आमच्या गड्याचं व्हीडीआरएल आलं 1:32, म्हणजे बत्तीस पट पातळ केलं तरी गुठळ्या.

इलाज जुनाच: पेनिसिलिन. 1943 पासून ते या रोगावर चालतंय आणि जंतूला अजून त्याची सवय झालेली नाही. पण ते द्यायची तऱ्हा वेगळी. पेनिसिलिन जंतूला भिंत बांधताना पकडतं, म्हणजे तो वाढत असतानाच मारतं. ई. कोलाय हे पोटातले जंतू प्रयोगशाळेत चांगलं खाद्य मिळालं की वीसेक मिनिटांत दुप्पट होतात. या महाशयांना तीसएक तास लागतात. म्हणून औषध रक्तात आठवडे टिकायला हवं. बेंझाथिन पेनिसिलिन 24 लाख युनिट, दोन्ही कुल्ल्यांत बारा-बारा लाख. दुखतं, खोटं कशाला सांगू? पण रोग नवा असेल तर एकदाच. वर्षाहून जुना असेल तर आठवड्याच्या अंतराने तीनदा. त्या रात्री ताप, थंडी येऊ शकते. जंतू एकदम मरतात त्याची ती खूण, ॲलर्जी नव्हे.

परम्याचं, म्हणजे गनोरियाचं, नेमकं उलट. लघवीला जळजळ आणि पू. त्या जंतूने एकामागून एक औषधं पचवली, पेनिसिलिनसुद्धा. आज मुख्य भिस्त सेफ्ट्रायॅक्झोनवर आहे, म्हणून मेडिकलवाल्याला विचारून दोन गोळ्या घेणं इथे जास्तच महागात पडतं. क्लॅमिडिया हा संबंधातूनच लागणारा आणखी एक आजार तर बहुतेक बायकांना कळतही नाही. गर्भनलिका खराब झाल्यावर, मूल राहत नाही म्हणून तपासायला गेल्यावर उमगतो. कोल्हापुरातल्या सीपीआरसारख्या सरकारी रुग्णालयांत यासाठी 'सुरक्षा क्लिनिक' असतं. तपासणी आणि औषध फुकट, नाव गुप्त. 1097 हा एचआयव्हीचा मोफत फोन नंबर आहे. एचआयव्हीची तपासणी या सगळ्यांबरोबर करायचीच, कारण उघड्या जखमेतून तो सहज शिरतो.

निरोध बराच वाचवतो, पण जेवढं झाकलंय तेवढंच. फोड बाहेरच्या बाजूला असला तर नाही. हेपटायटिस बी (यकृताला सूज आणणारा विषाणू) आणि एचपीव्ही (गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर करू शकणारा विषाणू) यांवर लस आहे. एचपीव्हीची पुण्यातल्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेली लसही आता मिळते, नऊ ते चौदा वर्षांच्या वयात दोन डोस. लग्न ठरल्यावर विचारायला येतात, पण खरी वेळ शाळेतली.

"बायकोला कसं सांगू?" गड्याने हे डॉक्टरांना विचारलं, मला नाही. काय सांगितलं कोण जाणे, पण तिसऱ्या दिवशी दोघं आले. ती काउंटरला हात टेकून उभी, तो दारातच. तिची स्लाइड मी दोनदा पाहिली, पातळ करूनही पाहिली. दूध एकदम चांगलं होतं. तरी डॉक्टरांनी तिला इंजेक्शन लिहून दिलं.

"रिपोर्ट चांगला आला न्हवं, मग सुई कशाला?" तिने मला विचारलं.

लागण होऊन प्रतिपिंडं तयार होईपर्यंत काही आठवडे जातात. तेवढ्या काळात जंतू आत असला तरी आमची स्लाइड खोटं बोलते. शेवटच्या तीन महिन्यांत संबंध आला असेल तर वाट न बघता औषध देतात. एवढं मी सांगितलं. ती नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "मग द्या."

सहा महिन्यांनी तो परत आला. 1:4.