क्लॅमिडियावरील औषधोपचार : आमच्या ग्राहकांसाठी माहिती

क्लॅमिडिया हा लैंगिक संबंधांतून पसरणारा जिवाणूसंसर्ग बहुतेक स्त्रियांमध्ये आणि अनेक पुरुषांमध्ये कोणतेही लक्षण दाखवत नाही, त्यामुळे औषध नेताना "त्रास तर काहीच नाही, मग गोळ्या कशाला?" असे विचारले जाणे स्वाभाविक आहे. उपचार न झाल्यास हा संसर्ग स्त्रियांमध्ये गर्भाशयातून बीजवाहिन्यांपर्यंत पोहोचून वंध्यत्वास किंवा गर्भाशयाबाहेरील गर्भधारणेस कारण ठरू शकतो, आणि पुरुषांमध्ये अंडकोषाजवळ वेदनादायक सूज आणू शकतो.

डॉक्टर यासाठी बहुधा डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, असे सात दिवस लिहून देतात. म्हणजे एकूण चौदा कॅप्सूल. हा जिवाणू आपल्या पेशींच्या आत शिरून वाढतो आणि त्याच्या वाढीचे एक चक्र पूर्ण व्हायला साधारण दोन ते तीन दिवस लागतात, म्हणून तिसऱ्या-चौथ्या दिवशी लघवीची जळजळ थांबली तरी काम पूर्ण झाले असे समजू नये. एखादा डोस चुकल्यास आठवताच घ्यावा. मात्र पुढच्या डोसची वेळ जवळ आली असेल, तर चुकलेला सोडून द्यावा आणि दोन कॅप्सूल एकदम घेऊ नयेत.

ही कॅप्सूल कशी घेतली जाते, यावर बरेच अवलंबून असते. घोटभर पाण्याने गिळून लगेच आडवे झाल्यास ती अन्ननलिकेत अडकून तिथे विरघळते आणि व्रण पाडते, ज्यामुळे पुढचे काही दिवस साधा घास गिळतानाही छातीत दुखते. म्हणून पेलाभर पाणी प्यावे, त्यानंतर किमान अर्धा तास बसून किंवा उभे राहावे, आणि रात्रीचा डोस झोपायच्या क्षणापर्यंत लांबवू नये. मळमळ होत असल्यास जेवणानंतर घेतली तरी चालते. लोह, कॅल्शियम आणि अ‍ॅसिडिटीवरील अँटासिड या औषधांनी डॉक्सिसायक्लिनचे शोषण घटते, त्यामुळे त्यांच्या वेळा वेगळ्या ठेवाव्यात. त्या आम्ही पाकिटावर लिहून देऊ. उपचाराच्या काळात त्वचा उन्हाने लवकर भाजते.

गर्भवती असल्यास किंवा तशी शक्यता असल्यास हे औषध सुरू करण्यापूर्वीच सांगावे, कारण अशा वेळी डॉक्टर सहसा अ‍ॅझिथ्रोमायसिनचा १ ग्रॅमचा एकच डोस देतात आणि सुमारे चार आठवड्यांनी पुन्हा तपासणी करून घेतात.

सर्वात अवघड भाग औषधाचा नसून बोलण्याचा आहे, हे आम्ही जाणतो. गेल्या दोन महिन्यांतील जोडीदारांची तपासणी व उपचार झाले नाहीत, तर तुम्ही बरे होऊनही तोच संसर्ग परत येऊ शकतो. मात्र आपल्याच पाकिटातील कॅप्सूल जोडीदाराला वाटून देऊ नयेत, कारण त्यामुळे दोघांचाही उपचार अपुरा राहतो. सात दिवसांचा कोर्स संपेपर्यंत आणि जोडीदाराचाही उपचार पूर्ण होईपर्यंत शरीरसंबंध टाळावेत, कंडोम वापरूनही ठेवू नयेत.

उपचारानंतर पहिल्या चार आठवड्यांत केलेली तपासणी मृत जिवाणूंच्या अवशेषांमुळेही पॉझिटिव्ह येऊ शकते, म्हणून फेरतपासणी साधारण तीन महिन्यांनी करावी. त्याआधी ओटीपोटात दुखू लागले, ताप आला किंवा अंडकोष सुजला, तर आमच्याकडे दुसरे औषध मागण्याऐवजी थेट डॉक्टरांकडे जावे. अंगावर पुरळ येऊन ओठ सुजले किंवा श्वास घ्यायला त्रास झाला, तर पुढची कॅप्सूल न घेता ताबडतोब रुग्णालय गाठावे.