योजन म्हणजे नेमके किती किलोमीटर?

हनुमान जयंती जवळ आली की आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर एक संदेश हमखास येतो. हनुमान चालिसात मारुतीच्या सूर्याकडच्या झेपेची एक ओळ आहे, तिच्यात जुग, सहस्र आणि योजन हे शब्द आहेत. जुग म्हणजे १२,०००, सहस्र म्हणजे १,०००, योजन म्हणजे ८ मैल. करा गुणाकार: ९ कोटी ६० लाख मैल, म्हणजे साधारण साडेपंधरा कोटी किलोमीटर. झाले सूर्याचे अंतर! यंदा तो मावशीने पाठवला आणि खाली विचारले, "हे खरं का रे?" तिला फोनवर जे सांगितले तेच इथे जरा सविस्तर सांगतो.

१२,००० ही चतुर्युगाची दिव्य (म्हणजे देवांची) वर्षे. वर्षांना मैलांनी गुणून अंतर निघत नाही, हा आक्षेप कोणीही घेईल. माझे मन अडते ते 'योजन म्हणजे ८ मैल' या वाक्यावर. हे ठरवले कोणी?

भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त कोष्टक स्वच्छ दिले आहे. आठ जवांच्या रुंदीचे एक अंगुळ, २४ अंगुळांचा हात, चार हातांचा दंड, २,००० दंडांचा कोस, चार कोसांचे योजन. म्हणजे एका योजनात ३२,००० हात. (चाळीसगावजवळच्या पाटण्याला भास्कराचार्यांच्या नातवाने त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापला, त्याचा शिलालेख सापडला आहे. तेव्हा हे कोष्टक आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या घोकले गेले असणार.) आता हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचे अंतर. जेवणाच्या टेबलावर कोपर टेकवला आणि शिवणाच्या टेपने मोजले. माझा हात ४४ सेंटिमीटर, मुलाचा ४८. माझे योजन १४.०८ किलोमीटर, त्याचे १५.३६. एकाच टेबलावर सव्वा किलोमीटरचा फरक! हात एका सेंटिमीटरने वाढला की योजन ३२० मीटरने लांबते.

आकाशाकडे वळले की गोंधळ आणखी वाढतो. पृथ्वीचा व्यास आर्यभटाने १,०५० योजने दिला, सूर्यसिद्धांत या जुन्या खगोलग्रंथात तो १,६०० आहे, भास्कराचार्यांकडे सुमारे १,५८१. खरा सरासरी व्यास १२,७४२ किलोमीटर. त्यावरून उलट भागाकार केला तर आर्यभटाचे योजन १२.१ किलोमीटर निघते, सूर्यसिद्धांताचे ८ च्या आसपास. भास्कराचार्यांचेही ८ च निघते, पण मग त्यांच्याच कोष्टकाप्रमाणे हात २५ सेंटिमीटरचा होतो, म्हणजे वितीपेक्षा जेमतेम मोठा. तेव्हा एकतर त्यांची पृथ्वी पावणेदोन पट मोठी होती, नाहीतर खगोलातले योजन आणि बाजारातल्या हाताचे योजन वेगळे होते. कोणते खरे ते आकड्यांवरून ठरत नाही. आधी पृथ्वीच्या व्यासावरून योजन ठरवायचे आणि मग 'बघा, पृथ्वीचा व्यास पूर्वजांना किती अचूक ठाऊक होता' म्हणायचे, ही तर शुद्ध फसगत आहे.

मग जुने आकडे वाया गेले का? मुळीच नाही, आणि मला सगळ्यांत आवडते ते इथेच. योजनाला योजनाने भागा. एकक कटून जाते, आणि ते कितीही लांबीचे असले तरी उत्तर तेच राहते. सूर्यसिद्धांतात चंद्राचा व्यास ४८० योजने. ४८० भागिले १,६०० म्हणजे ०.३०. आर्यभटाचा चंद्र ३१५ योजनांचा. ३१५ भागिले १,०५० म्हणजेही ०.३०! आजचे गुणोत्तर ०.२७ आहे.

अंतराचेही तसेच. पूर्ण वर्तुळाच्या २१,६०० कला असतात. सूर्यसिद्धांत सांगतो की चंद्राच्या कक्षेवर एक कला म्हणजे १५ योजने. म्हणून कक्षेचा परीघ ३,२४,००० योजने आणि त्रिज्या सुमारे ५१,५६६. तिला पृथ्वीच्या ८०० योजनांच्या त्रिज्येने भागले की ६४.५ येते. आज आपण सुमारे ६० म्हणतो. हे साधले लंबनामुळे. आपण पृथ्वीच्या केंद्रात नसून पृष्ठभागावर उभे असतो, त्यामुळे क्षितिजावरचा चंद्र थोडा खाली सरकलेला दिसतो. किती? ८०० भागिले १५, म्हणजे ५३ कला. खरे उत्तर ५७ कलांच्या जवळपास. सूर्यग्रहणाची वेळ वर्तवायची तर हे लंबन हिशेबात घ्यावेच लागते, त्यामुळे चूक फार काळ लपून राहत नव्हती.

सूर्याच्या बाबतीत ही सोय नव्हती. त्याचे लंबन जेमतेम ८.८ विकला (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग), नुसत्या डोळ्यांना ते दिसणेच शक्य नाही. म्हणून एक गृहीतक धरले गेले: प्रत्येक ग्रह (त्यात सूर्य-चंद्रही आले) दिवसाला सारखीच योजने चालतो. चंद्राची फेरी २७.३२ दिवसांची, सूर्याची ३६५.२६ दिवसांची. म्हणजे सूर्य चंद्राच्या १३.३७ पट दूर. प्रत्यक्षात तो सुमारे ३९० पट दूर आहे. सूर्यसिद्धांताचे सूर्याचे अंतर येते ६ लाख ८९ हजार योजने. योजन ८ किलोमीटरचे धरले तर ५५ लाख किलोमीटर. ज्यांनी आयुष्यभर हेच गणित केले त्यांच्याकडे साडेपंधरा कोटी हा आकडा नव्हता. तुलसीदासांची ओळ मारुतीच्या झेपेची आहे, आणि त्या भक्तीला या गुणाकाराच्या टेकूची काहीच गरज नाही.

सूर्याचे लंबन नीट हाती यायला १७६१ आणि १७६९ ची शुक्राची अधिक्रमणे, म्हणजे शुक्राचे सूर्यबिंबावरून सरकणे, लागली. त्या नोंदींवरून आलेले अंतर १५ कोटी ३० लाख किलोमीटर होते, आज आपण १४ कोटी ९६ लाख मानतो.

मावशीने संध्याकाळी स्वतःचा हात मोजून कळवला: ४१ सेंटिमीटर. तिचे योजन भरते १३ किलोमीटर १२० मीटर, म्हणजे आठ मैलांपेक्षा थोडे जास्त.