टॉवेल उचलायला डॉक्टरेट

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एखाद्या कारखान्यात पॅकिंगला बसलेल्या बायका बघा. एका हाताने टॉवेलची घडी उचलायची, दुसऱ्या हाताने पिशवीचं तोंड उघडायचं, घडी आत सरकवायची. तोंडाने गप्पा चालूच. हेच काम यंत्रमानवाला जमावं म्हणून जगातली बडी ऑनलाइन दुकानं विद्यापीठांतल्या संशोधकांच्या मागे लागलेली आहेत.

आपला टेरी टॉवेल विणताना ताणे, म्हणजे उभ्या धाग्यांचे संच, दोन असतात. एक घट्ट ओढलेला, दुसरा मुद्दाम सैल सोडलेला. सैल ताण्याचे फासे, म्हणजे धाग्याचे छोटे वेढे, वर येतात, तेच पाणी टिपतात आणि तेच यंत्रमानवाला नडतात. गोदामातला यंत्रमानव बऱ्याचदा हवा ओढून वस्तू उचलतो. रबरी कप टेकवायचा, आतली हवा काढायची, की बाहेरच्या हवेचा दाब वस्तूला कपावर दाबून धरतो. मोबाईलच्या खोक्यावर हे झकास चालतं. टॉवेलच्या फाशांतून मात्र हवा आत शिरत राहते आणि पकड सुटते. बरं, चिमट्याने धरावं तर घडी मोडते. मोडलेली घडी दर वेळी वेगळी दिसते, मग कॅमेराही गोंधळतो.

अ‍ॅमेझॉनने 2012 साली 77.5 कोटी डॉलर मोजून किवा ही कंपनी घेतली. तिचे बुटके यंत्रमानव मांडणीखाली शिरून अख्खी मांडणीच कामगारापुढे आणून ठेवतात. कामगाराची पायपीट वाचली, पण मांडणीतून वस्तू उचलायला हात माणसाचाच राहिला. या सौद्यात यंत्रांबरोबर माणसंही आली. कंपनी घेऊन तिच्यातली डोकी मिळवायची हा या धंद्यातला जुनाच मार्ग. आनंद राजारामन आणि व्यंकी हरिनारायण यांची ‘जंगली’ ही इंटरनेट कंपनी अ‍ॅमेझॉनने 1998 मध्ये घेतली, आणि पुढे त्याच जोडीची ‘कॉसमिक्स’ 2011 मध्ये वॉलमार्टने!

किवाच्या संस्थापकांपैकी पीटर वर्मन हे पूर्वी प्राध्यापक होते. विद्यापीठातल्या माणसाला काय खुणावतं हे अशा माणसाला नेमकं ठाऊक असणार. त्यांच्या पुढाकाराने 2015 मध्ये सिएटलला अ‍ॅमेझॉनची स्पर्धा भरली. यंत्रमानवाने 20 मिनिटांत मांडणीतल्या 12 वस्तू कोणाच्याही मदतीशिवाय काढायच्या. पहिलं बक्षीस 20,000 डॉलर, म्हणजे तिकडच्या कसलेल्या अभियंत्याचा काही महिन्यांचा पगार. तेवढ्या रकमेसाठी दोन डझनांहून जास्त संघ राबले. मला हा सौदा कंपनीच्या बाजूने फारच स्वस्त वाटतो. पण संशोधकही खुळे नव्हते. प्रयोगशाळेत कधीच भेटत नाही असा खराखुरा पसारा त्यांना इथे मिळाला.

जिंकला बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठाचा संघ, 12 पैकी 10 वस्तू काढून. त्यांच्या यंत्रमानवाच्या हाताला चक्क घरगुती व्हॅक्यूम क्लीनर जोडलेला होता. त्याची ओढ फार जोरकस नसते, पण तो हवा भरपूर खेचतो, म्हणून थोडी गळती झाली तरी पकड टिकते. जाळीच्या पेनस्टँडसारख्या वस्तूपुढे मात्र ही युक्ती लंगडी पडते. पुढच्या वर्षी लाइपझिगला डेल्फ्टचा संघ जिंकला. त्यांच्या यंत्रमानवाचा वेग तासाला सुमारे 100 वस्तू होता, माणसाचा सुमारे 400.

आज अ‍ॅमेझॉनच्या गोदामांत ‘व्हल्कन’ नावाचा यंत्रमानव आहे. 2025 मध्ये जाहीर झालेल्या या यंत्राला स्पर्श कळतो, दाब किती पडतोय ते समजतं. त्यामागच्या चमूचे प्रमुख अ‍ॅरन पार्नेस पूर्वी नासाच्या प्रयोगशाळेत खडकांना धरून चढणाऱ्या यंत्रांसाठी नख्या बनवत. असा माणूस गोदामाकडे वळतो त्यात पगाराचा वाटा असणारच. पण रोज लाखो वेगवेगळ्या वस्तूंवर आपली कल्पना तासून बघायची सोय दुसरीकडे कुठे आहे?

आपल्याकडे फ्लिपकार्टही ‘ग्रिड’ नावाची स्पर्धा अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी घेते. सोलापूरच्या पोरांना सरावासाठी माल शोधत हिंडायला नको. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून सेकंडचे डझनभर टॉवेल आणले, जुना व्हॅक्यूम क्लीनर मिळवला, की पहिला प्रयोग सुरू करता येतो.