गोव्यातील मधुमेह

मधुमेह म्हणजे रक्तातील साखर कायम चढी राहण्याचा विकार. स्वादुपिंडात तयार होणारे इन्सुलिन कमी पडते किंवा शरीर त्याला दाद देईनासे होते, तेव्हा तो जडतो. आयसीएमआर-इंडियाब या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी मधुमेह पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशातील प्रौढांत मधुमेहाचे प्रमाण ११.४ टक्के, तर गोव्यात २६.४ टक्के, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक होते.

मधुमेहाच्या पहिल्या प्रकारात (टाइप १) शरीराची प्रतिकारशक्तीच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते. रुग्णाला जन्मभर इन्सुलिन घ्यावे लागते. बहुसंख्य रुग्ण दुसऱ्या प्रकारचे (टाइप २) असतात. त्यामागे आनुवंशिकता, वाढते वय, पोटाचा घेर आणि बैठे काम असते. भारतीय पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंमीपुढचा घेर धोक्याचा मानतात. शहरांत हा आजार जास्त आढळतो, आणि २०११ च्या जनगणनेप्रमाणे गोव्याची सुमारे ६२ टक्के वस्ती शहरी आहे.

‘गोड तोंडात घालत नाही, तरी साखर कशी वाढली?’ असे पुष्कळ रुग्ण विचारतात. उत्तर बहुधा ताटातच असते. सकाळी पाव-भाजी, मग पेज, दुपारी शीत-हुमण (भात आणि माशांची आमटी), रात्री पुन्हा शीत किंवा पाव: सगळे पिष्टच. उकडा तांदूळ सुरय (न उकडलेल्या पांढऱ्या) तांदळापेक्षा थोडा बरा. पण म्हणून तो हवा तेवढा खावा असे नाही. हुमणातल्या बांगड्याला दोष देण्याचे कारण नाही, शीत तेवढे कमी करावे. कोंड्याची पोई (गोव्यातला एक पाव) मैद्याच्या पावापेक्षा बरी, मात्र हल्ली पोई म्हणून विकले जाणारे सगळेच कोंड्याचे नसते. चतुर्थीच्या नेवऱ्या (करंज्या) वर्षातून चार दिवसांच्या; रोजच्या भाताइतका त्यांचा हिशेब मोठा नाही.

उपाशीपोटी रक्तातील साखर दर डेसीलिटरला १२६ मिग्रॅ किंवा अधिक, अथवा एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी तपासणी) ६.५ टक्के वा अधिक असल्यास मधुमेह मानतात; लक्षणे नसतील तर पुन्हा तपासून खात्री करतात. तहान, वारंवार लघवी, वजन घटणे ही लक्षणे कित्येकांत वर्षानुवर्षे दिसत नाहीत. तोवर डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंडे आणि नसांची हानी सुरू झालेली असू शकते. हृदयविकाराचा धोकाही वाढतो. पायाची संवेदना गेली की कुळागरात (माड-पोफळीच्या बागेत) अनवाणी हिंडताना रुतलेला काटा कळत नाही आणि जखम चिघळते. म्हणून तळपाय रोज पाहावेत. डोळे व लघवीतील प्रथिने वर्षातून एकदा तपासावीत.

उपचारात आहार आणि चालणे आधी, सोबत बहुधा मेटफॉर्मिन, गरजेप्रमाणे इतर गोळ्या किंवा इन्सुलिन. इन्सुलिन सुरू झाले म्हणजे शेवट आला, ही समजूत निराधार आहे. साखर ७० च्या खाली उतरून घाम, थरथर सुटली तर तीन चमचे साखर पाण्यातून लगेच द्यावी. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही न घालता इस्पितळ गाठावे. फेणीबद्दल एक इशारा हवाच: मद्यामुळे यकृताचे साखर सोडण्याचे काम मंदावते, त्यामुळे इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्यांवर असताना उपाशीपोटी घेतलेली फेणी मध्यरात्री साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरवू शकते, आणि घरचे त्याला नुसती झिंग समजतात.